पार्श्वभूमीतली माणसं

अंबिका काळेला आईचा चेहरा आठवत नव्हता. ती पाच वर्षांची असताना आई साप चावून गेली. धाकटा भाऊ गोरख तेव्हा अंगावर पीत होता. वडजीच्या माळावर फासेपारध्यांची पंधरा-वीस पालं होती. तिथं कुणाकडे कॅमेरा नव्हता, आणि पारध्याच्या बाईचा फोटो काढून ठेवावा असं गावातल्या कुणाला वाटण्याचं कारण नव्हतं. आईचा आवाज मात्र अंबिकाला आठवायचा. चेहऱ्याच्या जागी काहीच नसायचं.

तीस वर्षांनी ती आई तिला एका पडेल विनोदी सिनेमात सापडली.

अंबिका सोलापुरात, बंद पडलेल्या गिरणीच्या इमारतीत थाटलेल्या विभागीय चित्रपट संग्रहालयात संग्रहपाल होती. सरकारनं नवा नियम काढला होता: प्रत्येक संग्रहालयात त्या भागातल्या सगळ्या समाजांचं चित्रण असलं पाहिजे. संचालिका शर्वरी उकिडवे यांनी मनावर घेऊन सगळा संग्रह तपासला, आणि एका संध्याकाळी अंबिकाला केबिनमध्ये बोलावलं.

"लाज वाटते गं सांगायला. वडार, कैकाडी, घिसाडी मिळून जेमतेम अर्धा तास भरतो. पारधी तर नाहीतच. जे आहेत ते सगळे दरोडेखोर, आणि तेही पुण्याच्या नटांनी तोंडाला काजळ फासून केलेले. आज आपण नवं चित्रण करू शकतो. पण मागचं कुठून आणायचं?"

"मागचं आहे, मॅडम," अंबिका म्हणाली. "हिरोच्या मागं आहे."

तिनं त्यांना दाखवलं. आठवडी बाजार, रस्त्याची कामं, एसटी स्टँड, यात्रा. सिनेमावाले अशा ठिकाणी कॅमेरा लावायचे तेव्हा तिथली माणसं हटवायची तसदी घ्यायचे नाहीत. त्यामुळे जवळजवळ प्रत्येक गावरान सिनेमात नायक-नायिकेच्या पाठीमागे खरीखुरी माणसं वावरत होती. फक्त ती दिसत नव्हती. भिंगाचा नेम नायिकेवर, त्यामुळे मागचा सगळा बाजार धुक्यात गेलेला. माणसांचे नुसते डाग उरलेले.

त्या डागांसाठीच पार्श्वदर्शी नावाचं यंत्र आणलं गेलं.

हे तंत्र मुळात खगोलशास्त्रज्ञांचं. दूरच्या ताऱ्याची प्रतिमा वातावरणामुळे थरथरते, पसरते. तिच्या हजारो प्रतिमा घेऊन, पसरण्याचा हिशोब उलटा मांडून मूळ तारा मिळवायचा, अशी ती रीत. सिनेमातही तेच. धूसर झालेल्या चेहऱ्यावरून आलेला प्रकाश नाहीसा झालेला नसतो, तो फिल्मवर इकडेतिकडे सांडलेला असतो. सेकंदाला चोवीस चौकटी, आणि प्रत्येक चौकटीत तो थोडा वेगळा सांडतो. कारण कॅमेरा किंचित हलतो, माणूस मान वळवतो, फिल्मवरचे चांदीचे कणही दर चौकटीत नव्यानं विखुरलेले असतात. भिंगाचे दोष माहीत असतील आणि मूळ निगेटिव्ह हाताशी असेल, तर शेकडो चौकटींतला हा सांडलेला प्रकाश गोळा करून परत जागच्या जागी ठेवता येतो.

या यंत्राबद्दल सगळ्यांना आदर वाटायचा तो आणखी एका गोष्टीमुळे. ते कल्पना करत नसे. प्रकाश पुरेसा नसेल तिथं नाक-डोळे काढून मोकळं होण्याऐवजी ते राखाडी जागा सोडून द्यायचं. त्यामुळे त्यानं दाखवलेला चेहरा खरा असायचा. या खरेपणाचा पुढं कुठं उपयोग होईल, हे तेव्हा कुणाच्या मनात आलं नाही.

त्या पडेल सिनेमात नायिका मोहोळच्या बाजारात बांगड्यांचा भाव करत होती. तिच्या खांद्यामागून एक तपकिरी डाग उजवीकडे सरकत होता. पार्श्वदर्शी त्या डागावर दोन दिवस चाललं. तिसऱ्या दिवशी दुपारी अंबिका डबा खाऊन परत आली तेव्हा पडद्यावर एक तरुण बाई उभी होती. रुंद गालफडं, खोल डोळे, टोकाशी किंचित दुभंगलेली हनुवटी. पाठीला झोळीत बांधलेलं मूल. आणि तिच्या लुगड्याचा सोगा धरून चालणारी, केस पिंजारलेली एक मुलगी.

मुलीच्या कपाळावर डाव्या भुवईवर जखमेचा व्रण होता. अंबिकानं स्वतःच्या भुवईवर हात नेला.

*

वडजीच्या माळावर आता पत्र्याची घरं होती, पण लोक त्याला पालंच म्हणत. अंबिका गेली ती एक मागणी घेऊन. डागांचे चेहरे झाले होते, पण चेहऱ्यांना नावं नव्हती. नाव द्यायचं तर जिवंत नातेवाइकांशी ताडून बघायला हवं. गालाचं हाड, कानाची पाळी, डोळ्यांतलं अंतर, चालण्याची लकब, या गोष्टी घराण्यात उतरत जातात. तीन पिढ्यांचे चेहरे मिळाले तर यंत्र सांगू शकणार होतं, की मागं दिसणारा हा माणूस कुणाचा आजा, ही बाई कुणाची आत्या.

आईची सख्खी बहीण झेलाबाई दारात बसून गोधडी शिवत होती. तिनं सगळं ऐकून घेतलं.

"तोंडाची मापं घेनार म्हन," ती म्हणाली. "माझ्या आज्याचीबी घेतली हुती. तारंच्या कुंपनात ठेवून. बोटाचं ठसं, उंची, अंगावरच्या खुणा. समदं घेतलं त्यांनी."

"ते इंग्रजाचं होतं, मावशे. चोर ठरवायला घेतलेलं. हे आपलं आहे. आपण होतो हे दाखवायला."

"कुनाला दाखवायला?"

अंबिकानं सोबत आणलेला पडदा घरात खिळ्यांना अडकवला, दार लोटून घेतलं आणि चित्रफीत लावली. अकरा सेकंदांची ती चाल. झेलाबाईनं बहिणीला बघितलं. सुई बोटात रुतली ते तिला कळलं नाही. "पुन्यांदा लाव," ती म्हणाली. मग परत, "पुन्यांदा लाव."

त्या आठवड्यात अख्ख्या माळानं चेहरे दिले. मग पंढरपूर रस्त्यावरच्या पालांनी, मग बार्शीकडच्या. अंबिकावर विश्वास ठेवून लोक आले. तिनं संग्रहालयाच्या करारात एक कलम हट्टानं घालून घेतलं होतं: समाजाला वाटलं तर आपलं चित्रण परत मागता येईल, नष्टही करता येईल. शर्वरी मॅडमनी ते वाचून स्वतः त्याला पाठिंबा दिला होता.

गोरख तेव्हा तिथं नव्हता. तो मंगळवेढ्याकडच्या सौर प्रकल्पात होता, पॅनेल धुणाऱ्या यंत्रांची देखरेख करायचा. त्याचा चेहरा प्रकल्पाच्या वसाहतीत जाऊन अंबिकानं स्वतः घेतला. आईची फीत मात्र तिला त्याला दाखवता आली नाही; ती संग्रहालयाच्या पडद्यांवरच चालायची, बाहेर पाठवता येत नसे.

"मावशीकडे पडदा नेला तेव्हा तुला बोलवायला पाहिजे होतं," ती म्हणाली.

"असू दे, आक्का. मला ती मोठ्या पडद्यावर बघायची हाय. थेटरात बसल्यावानी. दिवाळीला येतो, मग बघू."

दिवाळीच्या दोन महिने आधी संग्रहालयाचं नवं दालन उघडलं. चारशेहून अधिक चेहरे नावानिशी झळकले. मंत्री आले, परदेशातले अभ्यासक आले. 'देशातला सर्वांत सर्वसमावेशक संग्रह' अशी बातमी झाली. शर्वरी मॅडमच्या आग्रहानं शोधसेवा सगळ्यांना खुली केली गेली: कुणीही धूसर फोटो टाकावा, यंत्र सांगेल की हा माणूस कुठल्या घराण्याचा असू शकतो. पहिल्याच महिन्यात दोन म्हाताऱ्यांना त्यांचे हरवलेले भाऊ जुन्या चित्रणात मिळाले. अंबिकाला त्या दिवसांत रस्त्यानं चालताना आपली पाठ सरळ झाल्यासारखी वाटायची.

*

दिवाळीला आठ-दहा दिवस उरले असताना शेजारच्या जिल्ह्यात एका वस्तीवर दरोडा पडला. घरातला म्हातारा मारला गेला. लांबच्या खांबावरच्या कॅमेऱ्यात पळणारी तीन माणसं दिसत होती. दोघांची तोंडं बांधलेली, तिसऱ्याचं उघडं पण धूसर. तपास करणाऱ्या अधिकाऱ्यानं ती फीत संग्रहालयाच्या खुल्या शोधसेवेत टाकली. उत्तर आलं: काळे घराणं, वडजी माळ, सगळ्यांत जवळचा चेहरा अंबिकाच्या आईचा. त्या घराण्यातला त्या वयाचा पुरुष एकच नोंदलेला होता.

गोरखला त्यांनी कामावरून उचललं.

अंबिका ठाण्यात पोचली तेव्हा अधिकाऱ्यानं तिला खुर्ची दिली, चहा मागवला. आवाज चढवणारा माणूस नव्हता तो.

"माझा भाऊ त्या रात्री ड्यूटीवर होता," ती म्हणाली.

"ठेकेदार म्हणतो, हजेरीत नाव नाही."

"दुसऱ्याच्या बदलीवर गेला होता तो. बदलीची हजेरी लावत नाहीत, सगळ्यांना ठाऊक आहे."

"असेल. पण मॅडम, यंत्र तुमचंच आहे ना?" त्यानं टेबलावरचा पडदा तिच्याकडे फिरवला. "तुम्हीच सगळीकडे सांगितलंय की ते कल्पना करत नाही. मी तुमची मुलाखत ऐकली."

पडद्यावर एक राखाडी चेहरा होता. रुंद गालफडं दिसत होती. बाकी अर्ध्या जागी यंत्रानं प्रामाणिकपणे काहीच काढलं नव्हतं. शेजारी तुलनेसाठी आईचा चेहरा लावला होता, बाजारातला, झोळीसकट.

"यंत्रानं गोरखचं नाव घेतलेलं नाही," अंबिका म्हणाली. "त्याला माहीत असलेल्यांपैकी सगळ्यांत जवळचं घराणं कुठलं, एवढंच ते सांगतं. त्याला माहीत कोण आहे? आम्ही. तीन-तीन पिढ्या दुसऱ्या कुणी दिल्यात? तुमच्या घरातला चेहरा त्यात आहे का, साहेब? यात कुणाचाही धूसर फोटो टाका, उत्तर आमच्यातच येणार."

"हे तुम्ही कोर्टात सांगा," अधिकारी म्हणाला. त्यात उपहास नव्हता. अंबिकानं चहा तसाच ठेवला आणि ती उठली.

कोर्टात तिनं सांगितलं. सरकारी वकिलानं तिला एकच प्रश्न विचारला: या यंत्रानं आजवर चुकीचा चेहरा काढल्याचं एक तरी उदाहरण आहे का? उदाहरण नव्हतं. जामीन नाकारला गेला.

त्यानंतर बाकीची पोलीस ठाणीही त्याच वाटेनं जाऊ लागली. एका गावात मोटरी चोरीला गेल्या, पंढरपूर रस्त्यावरच्या पालांतून दोघं उचलले. एका लग्नात दागिने गेले, बार्शीकडची एक बाई नेली. ज्या पालांनी चेहरे द्यायला नकार दिला होता, त्यांच्याकडे कुणी फिरकलं नाही. हे सगळ्यांच्या लक्षात आलं. अंबिकाला कुणी तोंडावर बोललं नाही. ती माळावर गेली की बायका पोरांना घरात घ्यायच्या.

*

"शोधसेवा बंद केली मी," शर्वरी मॅडम म्हणाल्या. त्यांचे डोळे सुजलेले होते. "पण पोलीस न्यायालयाचा हुकूम आणतात आणि आतून शोध घेतात. मला नाही म्हणता येत नाही."

"मग यंत्राला विसरायला लावा. करारात आहे."

"लावता येईल. पण ते दर सहा महिन्यांनी संग्रहातल्या सगळ्या फिल्म पुन्हा शिकतं. निगेटिव्ह तिथं असेतोवर तेच चेहरे परत काढणार. खरंच विसरायला लावायचं, तर..."

"तर निगेटिव्ह जायला पाहिजे."

"अंबिका, विचार कर. दुसरीकडे कुठंच हे नाहीये. थेटरात गेलेल्या प्रतींमध्ये एवढा प्रकाश नसतो, त्यांतून काही निघणार नाही. एकदा कापलं की तुम्ही पुन्हा शून्यावर. मग शंभर वर्षांनी कुणी विचारलं की हे लोक होते कुठं, तर दाखवायला काय उरेल? काजळ फासलेले नट!"

"मला माहीत आहे, मॅडम."

"आणि ज्यांनी हे चेहरे आधीच उतरवून घेतले असतील, त्यांचं मी काही सांगू शकत नाही."

"तेही माहीत आहे."

माळावर बैठक बसली. चारी बाजूंच्या पालांची माणसं आली. अंबिकानं होतं तसं सगळं सांगितलं. पहिल्यांदा उठली ती बार्शीकडची छबू पवार, नर्सिंगचा कोर्स करणारी पोर.

"कापू नका," ती म्हणाली. "मी माझ्या आजोबाला तिथं पहिल्यांदा बघितलं. रस्त्यावर खडी फोडतोय. आम्हाला शाळेत काय सांगितलं? तुमचे लोक चोऱ्या करायचे. मी पोरींना तिथं नेऊन सांगितलं, बघा, ज्या रस्त्यानं तुमची एसटी येते तो माझ्या आज्यानं केलाय. ते पुसायचं? त्यांचा दोष आणि आपली माणसं पुसायची?"

तिचं बरोबर होतं. मग पंढरपूर रस्त्यावरचा एक माणूस उठला. त्याची दोन्ही पोरं आत होती. तो म्हणाला, "पोरी, तुझा आजा मेलाय. त्याला आता कोन धरनार न्हाई." आणि खाली बसला.

सगळ्यांच्या माना झेलाबाईकडे वळल्या. अंबिकालाही वाटलं, मावशी आता आपल्याला सगळ्यांदेखत बोलणार, आणि बोलावंच तिनं. झेलाबाईनं डोक्यावरचा पदर नीट केला.

"एकदा बघू समद्यांनी," ती म्हणाली. "आन मग कापू."

अंबिकानं तुरुंगाकडे अर्ज केला. कच्च्या कैद्याला पोलिसांच्या पहाऱ्यात दोन तासांसाठी संग्रहालयात आणता येईल का, निदान आत पडदा लावता येईल का. कारण विचारलं होतं तिथं तिनं लिहिलं: आईला बघण्यासाठी. अर्ज फेटाळला गेला. आई मयत असल्याचं तिनंच आधी न्यायालयात सांगितलेलं होतं.

ठरलेल्या दिवशी सकाळी माळावरची, पंढरपूर रस्त्यावरची, बार्शीकडची माणसं ट्रक करून आली. संग्रहालयाच्या प्रेक्षागृहात एवढी गर्दी कधी झाली नव्हती. खुर्च्या संपल्यावर माणसं पायऱ्यांवर बसली. एकेक डाग पडद्यावर उघडत गेला. खडी फोडणारा, डोक्यावरून लाकडं नेणारी, तितर विकणारा, एसटीखाली सावलीत निजलेला. कुणीतरी नाव घेऊन हाक मारायचं, "ए बापू!" आणि मग त्या कोपऱ्यातून रडणं ऐकू यायचं. काही ठिकाणी हसूही फुटलं. एक पोरगा नायकाच्या पाठीमागे जीभ काढून कॅमेऱ्याकडे बघत होता, आणि तो आता म्हातारा होऊन तिसऱ्या रांगेत बसला होता.

आईची फीत शेवटी होती. अकरा सेकंद. आई बाजारातून चालत येते, झोळीतलं पोर खाली सरकतं तसं खांद्यानं वर उचलते, कॅमेऱ्याच्या दिव्याकडे डोळे बारीक करून बघते, आणि निघून जाते. अंबिकानं ती दोनदा लावली. तिसऱ्यांदा लावायला हात गेला, तेव्हा आत असलेल्या भावाची आठवण होऊन तिनं तो मागं घेतला.

मग ती खालच्या खोलीत गेली. निगेटिव्हचे डबे शर्वरी मॅडमनी काढून ठेवले होते. कापायला त्यांचा हात धजेना, म्हणून त्या दिवा धरून उभ्या राहिल्या. अंबिकानं पांढरे हातमोजे घातले, संग्रहपालानं घालायचे तसे, आणि एकेक तुकडा कापला. बाजाराच्या दृश्यातून नायिकाही गेली. बांगडीवालाही गेला. तुकडे भरलेला डबा तिनं मागच्या अंगणात नेऊन झेलाबाईच्या हाती दिला. झेलाबाईनं काडी ओढली. फिल्म नीट पेटत नव्हती. आक्रसत, काळपट धूर सोडत वितळत राहिली. छबू पवार ट्रकमधून उतरली नाही.

त्या रात्री यंत्र विसरलं.

*

खरे दरोडेखोर शिमग्याच्या सुमारास सापडले, दुसऱ्याच राज्यात, दुसऱ्याच गुन्ह्यात. लुटीतलं सामान त्यांच्याकडे निघालं. ज्याचा चेहरा कॅमेऱ्यात आला होता, तो वडजीच्या कुणाचाच कुणी लागत नव्हता. फक्त त्याची गालफडं रुंद होती.

गोरखला सोडलं तेव्हा ऊन तापायला लागलं होतं. अंबिका तुरुंगाच्या दाराशी उभी होती. तो बाहेर आला आणि तिनं त्याला क्षणभर ओळखलंच नाही. तो वाळला होता, आणि कानापासून गळ्यापर्यंत दाट काळी दाढी वाढली होती.

दोघं रसवंतीत बसली. त्यानं रसाचा ग्लास दोन्ही हातांनी धरला होता. चरकाची घुंगरं वाजत होती.

"जाळलं म्हनं समदं," तो म्हणाला.

"हो."

"बरं केलंस." मग थोड्या वेळानं, "आक्का, मी हुतो का त्यात?"

"होतास. आईच्या पाठीला, झोळीत. झोपला होतास. खाली घसरलास तेव्हा तिनं असा खांदा उडवून तुला वर घेतलं."

तिनं खांदा उडवून दाखवला. गोरख हसला. कितीतरी महिन्यांत पहिल्यांदा हसला असावा. गाल कसे हलवायचे ते विसरल्यासारखा.

"आन दिसायची कशी?"

अंबिका त्याच्याकडे बघत राहिली. कोर्टात तज्ज्ञानं त्याच्या चेहऱ्याबद्दल वाचलेला अहवाल तिला शब्दन् शब्द पाठ होता. गालाची हाडं आईची, डोळ्यांच्या खोबणी आईच्या, हनुवटी आईची. यातलं बहुतेक सगळं आता दाढीखाली गेलं होतं.

"दाढी काढणार आहेस ना?" तिनं विचारलं. "पलीकडंच सलून आहे."

"न्हाई. ऱ्हाऊ दे. जितकं झाकंल तितकं बरं."

काढ, एकदाच काढ, मला तिला बघायचंय, असं तिच्या ओठांवर आलं होतं. तिनं ते गिळलं.

"सांग की," तो म्हणाला. "कशी दिसायची?"

"तुझ्यासारखी," अंबिका म्हणाली. "अगदी तुझ्यासारखी."

गोरखनं रस्त्याकडे पाहिलं. समोरच्या खांबावर कॅमेरा होता. त्यानं गळ्यातला रुमाल सोडला, नाकावरून बांधला आणि मागं घट्ट गाठ मारली.